वहीतलं गाव

मागे आपण बचत गटाच्या वह्यांविषयी बोललो होतो. आज गावाच्या वह्यांविषयी बोलू. ग्रामपंचायत काय काय सांभाळते, आपल्या न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर हे कसं बदलत गेलं, आणि त्यात आपल्या हातात काय आहे, ते पाहू.

विषय निघाला तो आमच्या गटाच्या बैठकीत. स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आम्ही अर्ज घेऊन गेलो. उत्तर मिळालं, "ती वाट नोंदीत नाही. तिथे खांब टाकता येत नाही." वाट तर आमच्या आजेसासूबाईंच्या आधीपासूनची! मग नोंदीत का नाही? याचं उत्तर शोधता शोधता आम्हाला गावाचा इतिहास वाचावा लागला.

आजची ग्रामपंचायत चालते ती १९५८ च्या कायद्याने. त्याआधी इंग्रजांच्या काळात १९२० आणि १९३३ साली कायदे झाले होते, पण कामांची लांबलचक यादी आली ती १९५८ च्या कायद्यात. पिण्याचं पाणी, दिवाबत्ती, गटारं, रस्ते, सफाई, स्मशानभूमी, बाजार, कोंडवाडा अशी ती यादी. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे राहिली. म्हणून शाळा आपल्या गावात असली तरी शिक्षक जिल्हा परिषदेचे असतात.

पण त्या काळी खाडीकाठच्या गावाची खरी मिळकत वेगळीच होती. विहीर, तळं, खाडीवर उतरायची वाट, होड्या ओढून ठेवायची जागा, मासळी वाळवायची जागा, भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेले बांध. हे सगळं गाव मिळून राखायचं. ते लिहून ठेवावं असं फारसं कुणाला वाटलं नाही, कारण "हे कुणाचं?" असं विचारणारंच कुणी नव्हतं.

विचारणारे आले १९७० नंतर. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन ठरली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी भावासाठी उभे राहिले, जासई-नवघर भागात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्याच लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ते पाच हुतात्मे आपण विसरणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. साडेबारा टक्क्यांचा हिशोब सातबाऱ्यावरच्या नावावर होतो. स्मशानाच्या वाटेला आणि मासळी वाळवायच्या जागेला कसला आलाय सातबारा?

मग आलं बंदर. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात, पण बंदराला लोकांनी नाव दिलं दोघांचं मिळून. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. त्यासाठी शेवा गाव उठलं. शेतकरी नवीन शेव्यात गेले, कोळी कुटुंबं हनुमान कोळीवाड्यात. कोळीवाड्यात घरांना वाळवी लागली आणि पुन्हा नव्या जागी वसवा ही मागणी कित्येक वर्षं चालू राहिली. घर उठवलं तर त्याचा कागद तरी मागता येतो. पाणवठ्याचा आणि वाटेचा कागद आधीपासून नसेल, तर मागायचं काय?

आज आपल्या एका गावात किती मालक आहेत बघा. मोठा रस्ता एकाचा, मोकळा भूखंड सिडकोचा. उरणच्या नळाला पाणी रानसई धरणातून, ते धरण एमआयडीसीचं. शाळा जिल्हा परिषदेची. उरलेलं ग्रामपंचायतीचं. त्यामुळे तक्रार घेऊन गेलं की "हे आमच्याकडे येत नाही" हे उत्तर सोपं होतं. अशा वेळी वही कामाला येते.

म्हणून हे आकडे पाठ करा. नमुना २२ म्हणजे ग्रामपंचायतीच्या इमारती वगैरे स्थावर मालमत्तेची नोंदवही. नमुना २३ म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांची. नमुना २४ म्हणजे जमिनीची. नमुना ८ मध्ये प्रत्येक घराची कर आकारणी असते आणि नमुना ९ मध्ये कराची मागणी. हद्दीत गोदाम असेल तर त्याच्यावर कर किती बसला आणि वसूल किती झाला, हे वह्या बघूनच विचारता येतं. आपली घरपट्टी थकली की घरी नोटीस येते, तोच नियम गोदामालाही हवा ना?

वही बघायचा आणि ग्रामसभेत प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. १९९३ च्या घटनादुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून मोठ्या प्रमाणात थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि त्यासाठी दरवर्षी गावाचा आराखडा करावा लागतो. स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभाही घ्यायची असते. पण तिथे चार जणींच्या सह्या घेऊन चहा पिऊन उठलं, तर निम्म्या जागांचा उपयोग काय?

आमच्या वाटेचं काय झालं? आम्ही नमुना २३ बघितला. वाट खरंच नव्हती. मग महिला सभेत ठराव मांडला, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना घेऊन वाट पावलांनी मोजली, आणि ती नोंदवायची मागणी ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घेतली. नोंद अजून झालेली नाही. जागा नेमकी कुणाची यावर कागद फिरतो आहे. पण आता "अशी वाटच नाही" असं कुणी म्हणत नाही.

येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावात सगळे वापरतात अशा दहा जागा लिहून काढा. पुढच्या ग्रामसभेला जाण्याआधी त्या वहीत आहेत का ते बघा. ज्या नसतील त्यांची नावं इतिवृत्तात घालून घ्या, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.