पाकीट फोडले की सही झाली?

नवे सॉफ्टवेअर संगणकावर चढवताना 'मला मान्य आहे' या चौकटीत टिचकी मारण्याआधी वरचा मजकूर वाचणारे आपल्यात कितीजण? हात वर करा! मंडळी, या टिचकीलाही इतिहास आहे.

पूर्वी प्रोग्रॅम यंत्राबरोबरच मिळत. १९६९ साली आयबीएमने त्यांची किंमत वेगळी लावायचे जाहीर केले. पुढे घरगुती संगणक आले आणि सॉफ्टवेअर खोक्यातून विकले जाऊ लागले. गिऱ्हाईक दुकानदाराला पैसे देऊन मोकळे. कंपनीशी त्याची गाठच नाही. मग करार कधी झाला? कंपन्यांनी युक्ती काढली : वेष्टन फाडलेत की अटी मान्य!

१९९१ साली स्टेप-सेव्हर खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाला हे पटले नाही. सौदा आधीच ठरला होता, खोक्यावरच्या अटी मागाहून त्यात घुसडता येणार नाहीत, असा निकाल लागला.

मग प्रोसीडीचा खटला आला. या कंपनीने ३००० हून अधिक टेलिफोन डिरेक्टऱ्या सीडींवर उतरवल्या होत्या; खर्च एक कोटी डॉलरच्या वर. मॅडिसन शहरातल्या एका विद्यार्थ्याने स्वस्तातली घरगुती प्रत घेतली आणि ती माहिती इंटरनेटवर विकायला काढली. नुसत्या नावा-नंबरांवर कॉपीराइट नसतो, हे १९९१ सालीच ठरले होते. म्हणजे उरला तो करार. खालच्या कोर्टात विद्यार्थी जिंकला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांनी निकाल फिरवला. आत अटी आहेत असे खोक्यावर लिहिले होते, पडद्यावर त्या मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, आणि पटले नाही तर माल परत करता येत होता. विम्यातही पैसे आधी आणि अटी मागाहूनच येतात ना!

२००२ साली नेटस्केप मात्र हरली. अटी बटणाच्या खाली, पडदा सरकवल्याशिवाय न दिसणाऱ्या. न दिसलेल्या अटींना संमती कसली?

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची तऱ्हा निराळी. जीपीएलच्या २००७ च्या मसुद्यात स्पष्टच आहे, प्रोग्रॅम घ्यायला किंवा चालवायला मान्यता लागत नाही. बदलून पुढे वाटायचा असेल तर अटी लागू.

आपला १८७२ चा करार कायदा म्हणतो, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती. त्या टिचकीत अर्थ कुठे असतो? कोर्टे बघतात ते वाचायची संधी होती का, एवढेच. आम्ही शिक्षक मंडळींनी "समजले का?" या प्रश्नाला वर्गाचा एकसुरी "होऽऽ" जन्मभर ऐकला. त्या 'हो'ची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

तुम्हाला काय वाटते?