नाव, जनुक आणि तळे : संवर्धित माशांच्या जीवाणूजन्य रोगांचा जनुकशास्त्रीय इतिहास व उलवे परिसर

प्रस्तावना

पनवेल खाडीच्या काठचे उलवे आज सिडकोच्या नवी मुंबई प्रकल्पातील एक उपनगर म्हणून ओळखले जाते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी येथील टेकडी उतरवण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. तथापि १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा हा पट्टा प्रामुख्याने खारजमिनीचा होता. समुद्राचे पाणी थोपवणारे मातीचे बांध, ओहोटीला पाणी बाहेर सोडणारी व भरतीला अडवणारी उघाडी, भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर येथील जीवन उभे होते. रेल्वे स्थानकाच्या खारकोपर या नावात तो ‘खार’ आजही टिकून आहे.

या भूमीचे आर्थिक महत्त्व शासनानेही ओळखले होते. खारजमिनीसाठी १९४८ व १९७९ साली स्वतंत्र कायदे झाले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे भाताचे वाण दिले. याच पट्ट्यात खाडीतील जिताड्याची पिल्ले धरून गावच्या तळ्यांत वाढवण्याची रायगडी परंपराही आहे. अशा तळ्यातील मासा रोगाने का मरतो, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने कोणत्या टप्प्यांनी शोधले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

नामकरणाचा काळ

आरंभीच्या अभ्यासकांची श्रद्धा अशी होती की, रोगकारक जीवाणू ओळखून त्याला नाव दिले की रोग समजला. इटलीत कानेस्त्रिनी यांनी १८९३ साली ईल माशांच्या मरीचे वर्णन केले आणि १९०९ साली स्वीडनच्या बर्गमन यांनी त्या जीवाणूला व्हिब्रिओ अँग्विलॅरम हे नाव दिले. मध्यंतरी १८९४ साली जर्मनीत एमेरिश व वायबेल यांनी ट्राउट माशांच्या फोडांच्या रोगाचा जीवाणू वर्णिला होता. तोच आज एरोमोनास साल्मोनिसिडा म्हणून परिचित आहे.

या नामावलीने निदानाला शिस्त आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु एक प्रश्न अनुत्तरित राहिला. एकाच नावाचा जीवाणू एका तळ्यात निरुपद्रवी राहतो आणि दुसऱ्या तळ्यात मासे मारतो, असे का घडावे?

फिरत्या जनुकांचा शोध

या प्रश्नाचे उत्तर गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या लहान वर्तुळांत, म्हणजे प्लाझ्मिडांत सापडू लागले. जपानमध्ये आओकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली एरोमोनास साल्मोनिसिडामध्ये औषधरोध वाहून नेणारी प्लाझ्मिडे असल्याचे दाखवले. एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारा औषधरोध तोवर मुख्यतः मानवी आतड्यांतील जीवाणूंच्या संदर्भात अभ्यासला जात होता. तो मत्स्यशेतीतही आहे, हे आता स्पष्ट झाले.

त्यानंतर १९८० साली होर्हे क्रोसा यांनी व्हिब्रिओ अँग्विलॅरमवर महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. माशाचे रक्त जीवाणूला सहजासहजी लोह मिळू देत नाही. ते हिसकावून घेण्याची यंत्रणा पीजेएम-१ या प्लाझ्मिडवर असते. प्लाझ्मिड गमावलेला जीवाणू त्याच नावाचा राहतो, मात्र त्याची मारकता कमालीची घटते. अर्थात रोग नावात नसून जीवाणूजवळच्या जनुकांत असतो, आणि ती जनुके येऊ-जाऊ शकतात, असे या प्रयोगाने सिद्ध केले.

कोळंबी संवर्धनातील अनुभव

आपल्याकडे मत्स्यशेती या संज्ञेत कोळंबी संवर्धनही अंतर्भूत असते. निमखाऱ्या पाण्यातील कोळंबीच्या पिल्लांना ग्रासणारा प्रमुख जीवाणू व्हिब्रिओ हार्वेयी हा अंधारात चमकतो. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील इंद्राणी व इड्या करुणासागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या व्हिब्रिओ हार्वेयीमुळे टायगर कोळंबीच्या पिल्लांची मोठी मर झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. भारतीय बीजकेंद्रांसाठी हा इशाराच होता, कारण रोगावर वापरलेले औषध येथे निष्प्रभ ठरत होते. २००५ साली किनारी जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला व क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांचा जलशेतीतील वापर निषिद्ध ठरला.

याच जीवाणूने नामकरणाच्या मर्यादाही उघड केल्या. ऑस्ट्रेलियात २००० साली त्याच्या काही वाणांत एक जीवाणुभक्षक विषाणू आढळला आणि त्याच्या संसर्गाने निरुपद्रवी वाण मारक होऊ शकतो, असे दिसून आले. तसेच जीवाणूंच्या परस्पर संदेशवहनाचा अभ्यास १९९० च्या दशकापासून ज्या प्रसिद्ध वाणावर झाला, तो व्हिब्रिओ हार्वेयी नसून व्हिब्रिओ कॅम्पबेली असल्याचे २०१० साली जीनोमच्या तुलनेने निश्चित केले.

या विचाराची सर्वांत मोठी कसोटी पूर्व आशियात लागली. २००९ च्या सुमारास चीनमध्ये सुरू झालेला कोळंबीचा नवा रोग व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड व पुढे मेक्सिकोपर्यंत पोहोचला. २०१३ साली डोनाल्ड लाइटनर यांच्या चमूने त्याचे कारण व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस असल्याचे सांगितले. फुजिनो यांनी १९५० साली ओसाका येथील अन्नविषबाधेतून शोधलेला जीवाणू तो हाच. मग तो कोळंबीचा काळ कसा झाला? सुमारे ७० हजार बेस जोड्यांच्या एका प्लाझ्मिडवरील पिर-ए आणि पिर-बी ही विषजनुके त्याला मिळाली होती. त्यांचे साम्य कीटक मारणाऱ्या फोटोरॅब्डस या जीवाणूच्या जनुकांशी आहे. पुढे हीच जनुके व्हिब्रिओच्या इतर प्रजातींतही आढळली.

जिताड्याचा धडा

आता पुन्हा जिताड्याकडे वळू. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली बीजकेंद्रात जिताड्याचे बीज तयार केले आणि खाडीतील पिल्लांवर अवलंबून असलेल्या या संवर्धनाला नवी वाट मिळाली. हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून मोठ्या प्रमाणावर वाढवला जातो. तेथे त्याला स्ट्रेप्टोकॉकस इनिए हा जीवाणू छळतो. १९७६ साली त्याचे वर्णन झाले ते अ‍ॅमेझॉनच्या डॉल्फिनवरून. ऑस्ट्रेलियातील मत्स्यशेतीत या जीवाणूविरुद्ध लस वापरली गेली, तेव्हा त्याच्या बाह्य कवचाची जनुके बदललेले वाण टिकून राहिले आणि लस अपुरी पडली. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. औषधाप्रमाणेच लसही जीवाणूंमधून निवड करते, हा त्याचा बोध आहे.

समारोप

वरील इतिहासातून एक निष्कर्ष ठामपणे निघतो. माशाचा रोग हा बाहेरून चालून आलेल्या एखाद्या ठराविक शत्रूचे कृत्य नसतो. पाण्यात नित्य वसणाऱ्या जीवाणूंना मारक जनुके मिळतात आणि गर्दी, साचलेले पाणी, सडलेले खाद्य व औषधांचा अतिरेक यांमुळे त्याच वाणांची भरभराट होते. जनुक ही अर्धीच हकिकत होय. उरलेली अर्धी तळ्याच्या इतिहासात असते.

म्हणूनच उलव्यासारख्या झपाट्याने बदलणाऱ्या परिसराचा प्रश्न केवळ स्थानिक राहत नाही. नदी वळली, बांधांच्या जागी इमारती आल्या, खाडीत शहराचे सांडपाणी मिसळू लागले की पाण्यातील जीवाणूंवरील निवडीचा दाबही बदलतो. जीनोम वाचण्याची यंत्रे उद्या अधिक स्वस्त होतील. परंतु आज न जपलेला जीवाणूचा वाण आणि न नोंदलेली तळ्याची क्षारता उद्या कोणत्याही यंत्राला वाचता येणार नाही. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्र येऊन उरलेल्या तळ्यांतील जीवाणूंचे वाण जतन करावेत. प्रत्येक वाणासोबत दिनांक, ठिकाण, पाण्याची क्षारता, वापरलेली औषधे आणि तळे राखणाऱ्या कुटुंबाची माहिती नोंदवावी. प्रयोगशाळेच्या नळीतील वाण आणि तळ्याकाठच्या वृद्धाची आठवण, ही दोन्ही या इतिहासाची अस्सल साधने आहेत. त्यांपैकी दुसरे साधन वेगाने नाहीसे होत आहे.