लिंट कालवा
पूर्व स्वित्झर्लंडमधील सुमारे १७ किमी. लांबीचा जलप्रवाह. तो वालेन सरोवराचे पाणी (सु. ४१९ मी.) झुरिक सरोवराच्या पूर्वेकडील ओबरझे या भागात (सु. ४०६ मी.) नेतो. नाव कालव्याचे असले, तरी लिंट नदीचा हा खालचा टप्पाच होय.

पूर्वी ग्लारुसच्या डोंगरांतून येणारी लिंट वालेन सरोवरात शिरतच नसे. सरोवराचे पाणी माग नावाच्या लहानशा नदीतून बाहेर पडून तिला मिळे. अठराव्या शतकात लिंटने आणलेल्या दगडगोट्यांमुळे पात्र उथळ झाले, माग नदीचे पाणी तुंबले आणि सरोवराची पातळी चढत गेली. वेसेन व वालेनस्टाट या गावांत पाणी शिरू लागले, आसपासच्या मैदानाची दलदल झाली आणि हिवतापाने ठाण मांडले.

यावर उपाय म्हणून झुरिकचा हान्स कोनराट एशर याच्या देखरेखीखाली १८०७ मध्ये काम सुरू झाले. पैसा भागविक्रीतून उभारला. बाडेनचा अभियंता टुला याचा सल्ला घेण्यात आला. योजना साधी, पण धाडसी होती : ज्या सरोवराला नदीचा त्रास, त्यातच नदी सोडायची. १८११ मध्ये लिंट वालेन सरोवरात वळवली गेली. तेव्हापासून तिचा गाळ तिथल्या खोल पाण्यात बसतो आणि पुढे निवळ पाणी वाहते. दोन सरोवरांमधला कालवा १८१६ मध्ये खुला झाला. एशरच्या मृत्यूनंतर (१८२३) त्याच्या घराण्याला ‘फोन डेर लिंट’ ही उपाधी मिळाली.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांध मजबूत करताना काही ठिकाणी पात्र पुन्हा रुंद करण्यात आले.