लोहचुंबक आणि वांगणीचे रक्त

लोहचुंबकाचा वैद्यकाशी संबंध आजचा नव्हे. अंगात रुतलेले शल्य सैल असेल व जखमेचे तोंड पुरेसे रुंद असेल, तर ते अयस्कांताने ओढून काढावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. युरोपात 1624 साली फाब्रिशियस हिल्डानस याने डोळ्यातील पोलादाची कपची चुंबकाने काढल्याची हकीकत लिहिली. युक्ती पत्नीची, मारी कोलिने हिची, हेही त्यानेच नोंदविले. (इतका प्रामाणिकपणा पुरुषांत विरळाच !) पुढे कारखाने वाढले, कामगारांच्या डोळ्यांत लोखंडाचे कण जाऊ लागले, आणि 1892 साली झुरिकच्या ओटो हाबने प्रचंड विद्युत्‌चुंबक वापरात आणला. ही विद्या कामगाराच्या डोळ्यावर वाढली, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

1957 साली गिलख्रिस्टने लसिकाग्रंथींत लोहऑक्साइडचे सूक्ष्म कण पोचवून बदलत्या चुंबकक्षेत्राने ते तापविले. कर्करोगाची गाठ भाजावी, भोवतालचे मांस वाचावे, हा हेतू. आजचे कण मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढे असतात. क्षेत्र हटले की त्यांचे चुंबकत्व मावळते, म्हणून ते एकमेकांना चिकटून रक्तवाहिनी बुजवीत नाहीत. 1996 साली जर्मनीत औषध लावलेले असे कण रोग्यांना देऊन चुंबकाने गाठीपाशी रोखण्याचा प्रयोग झाला. हिरोशिमाच्या डॉक्टरांनी लोहकण भरलेल्या पेशी चुंबकाने गुडघ्यातील झिजलेल्या कूर्चेवर बसविल्या. 2018 साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पवईची आय. आय. टी. आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांत या कणांवर काम झाले आहे. अडचण एकच, पण मोठी : चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते, आणि बरेचसे कण यकृत व प्लीहा गिळून टाकतात.

गिळलेल्या कणांचे पुढे काय होते? शरीर ते विरघळविते आणि त्यातील लोह रक्ताच्या कामी लावते. यावरूनच फेरुमॉक्सिटॉल हे औषध निघाले. अमेरिकेत 2009 साली मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या रक्तक्षयावर त्यास मान्यता मिळाली. आमच्या मते गाठीच्या प्रयोगांहून हाच धागा मोलाचा आहे.

कारण आमच्यासमोर वांगणी आहे. रेल्वेवरची नव्हे, जव्हारची. 1992 साली वावर-वांगणीतील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी मुंबईचे सरकार हादरले. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 2014 साली झाला. मुलाच्या कुपोषणाचा आरंभ पुष्कळदा आईच्या फिक्या रक्तात असतो. नागलीत लोह आहे, पण ते अंगी लागणे कठीण. लोहाच्या गोळ्यांची सरकारी योजना 1970 पासूनची. गोळ्या गावच्या यादीप्रमाणे मिळतात, आणि दिवाळीनंतर यादीतली बाई भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर असते.

गरोदर बाईस सरकारी रुग्णालयात शिरेतून देतात ते लोहही शर्करेत गुंडाळलेले सूक्ष्म कणच. फक्त ते चुंबकाला दाद देत नाहीत. त्यासाठी तिला दवाखान्यात यावे लागते, तेही एकदाच नव्हे. त्या दिवसांची मजुरी तिला कोणी देत नाही. भट्टीमालकाने ती द्यावी, की सरकारने, याचा निकाल प्रयोगशाळेत लागणारा नाही. तो मजुरीच्या करारातच लिहून घ्यावा लागेल.