बूस्ट कन्व्हर्टर, सौरऊर्जेसाठीचा
कमी डीसी व्होल्टेजपासून जास्त डीसी व्होल्टेज मिळवून देणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. २३० व्होल्ट एसीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टवर असते, म्हणून घरगुती सौर इन्व्हर्टरला आत ३५० ते ४०० व्होल्ट डीसी लागते. एका नेहमीच्या ६० सेलच्या पॅनेलपासून मिळतात जेमतेम ३० व्होल्ट.

मंडलाचे मुख्य घटक चारच : इंडक्टर, स्विचचे काम करणारा मॉस्फेट, डायोड आणि कपॅसिटर. मॉस्फेट चालू असताना इंडक्टरमध्ये ऊर्जा साठते. तो बंद होताच इंडक्टर आपला प्रवाह एकाएकी तुटू देत नाही. त्याचे व्होल्टेज पॅनेलच्या व्होल्टेजमध्ये मिळते आणि डायोडमार्गे कपॅसिटरवर चढते. प्रत्येक आवर्तनात मॉस्फेट किती हिस्सा चालू राहतो, त्याला ड्यूटी सायकल म्हणतात. ती एकातून वजा करून उरलेल्या संख्येने आतल्या व्होल्टेजला भागले, की बाहेरचे व्होल्टेज मिळते. ०.५ ला दुप्पट, ०.७५ ला चौपट.

या सूत्राने ०.९९ ला शंभरपट वाढ मिळायला हवी. पण ती कागदावरच राहते. इंडक्टरच्या तारेचा रोध भाराच्या रोधाच्या केवळ १ टक्का असला, तरी व्होल्टेज ०.९ ड्यूटी सायकलला पाचपटीवर अडते, पुढे उलट घसरते. शिवाय त्या पाचपटीलाही निम्मी शक्ती तार तापवण्यात जाते. म्हणून छतावरची पॅनेले आधी एकसरीत जोडून व्होल्टेज वाढवतात आणि बूस्टकडे दीडपट-दुपटीचेच काम ठेवतात. एकेका पॅनेलच्या मायक्रोइन्व्हर्टरमध्ये ही सोय नसते. तिथे ट्रान्सफॉर्मर असलेली रचना बहुधा घ्यावी लागते.

समजा, पॅनेलांची सर २०० व्होल्ट व १० अँपिअर देते आणि हवेत ४०० व्होल्ट. ५० किलोहर्ट्झला प्रवाहाचा चढउतार २ अँपिअरवर ठेवायचा, तर इंडक्टर १ मिलिहेन्रीचा लागतो. प्रवाहाचे शिखर ११ अँपिअरला पोहोचते. तिथे इंडक्टरचा गाभा संपृक्त होता कामा नये. वारंवारता दुप्पट केली तर इंडक्टर निम्मा पुरतो, पण मॉस्फेटचे स्विचिंग नुकसान वाढते. सिलिकॉन कार्बाइड डायोडमुळे हे ओझे बरेच हलके झाले आहे.

पाठ्यपुस्तकातला बूस्ट बाहेरचे व्होल्टेज स्थिर राखतो. ग्रिडला जोडलेल्या सौर यंत्रणेत ते काम सहसा इन्व्हर्टर करतो. बूस्ट पॅनेलचे व्होल्टेज मागेपुढे करून कमाल शक्तीचा बिंदू धरून ठेवतो. हा बिंदू तापमानासोबत सरकतो : सिलिकॉन पॅनेलचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे ०.३ टक्के घटते. मे महिन्यात विदर्भातल्या छतावर ६५–७० अंशांना तापलेला सेल २५ अंशांच्या प्रमाण स्थितीपेक्षा १२ ते १३ टक्के कमी व्होल्टेज देतो. उलट थंड सकाळी बिनभाराचे व्होल्टेज चढते, त्यामुळे घटकांची सहनक्षमता त्यावरून ठरवावी लागते.

भार अचानक सुटला आणि स्विचिंग चालूच राहिले, तर कपॅसिटरचे व्होल्टेज एखादा घटक फुटेपर्यंत चढते. त्यामुळे अतिव्होल्टेजला मॉस्फेट ताबडतोब बंद करणारे संरक्षण अनिवार्य ठरते. बाहेर शॉर्ट झाल्यास मात्र मॉस्फेट बंद करून भागत नाही. इंडक्टर-डायोडची वाट उघडीच असते. पॅनेलचा शॉर्ट-सर्किट प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून थोडाच जास्त असल्याने तिथे निभावते, बॅटरी असेल तर फ्यूज हवाच.