फाइंडिंग
१. मूळ मजकुरातल्या या शब्दाचा अर्थ 'शोध' नव्हे. परदेशातली एखादी गुप्त कारवाई राष्ट्रीय सुरक्षेसाठी महत्त्वाची आहे, असा अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी दिलेला निर्वाळा म्हणजे फाइंडिंग. गंमत अशी, की सीआयएला ही वेसण घातली ती परराष्ट्र मदतीच्या कायद्याने. चिलीत आयेंदे सरकारविरुद्ध केलेल्या कारवाया उघड झाल्यावर सिनेटर हॅरल्ड ह्यूज आणि प्रतिनिधी लिओ रायन यांनी मदत विधेयकाला दुरुस्ती सुचवली. ३० डिसेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची त्यावर सही झाली. मेख पैशात होती. निव्वळ माहिती मिळवण्यापलीकडच्या परदेशातल्या कामावर, फाइंडिंग आणि काँग्रेसच्या समित्यांना 'वेळेत' माहिती, या दोन अटींशिवाय सीआयएला पैसा खर्च करता येईना. 'मला ठाऊकच नव्हते' ही राष्ट्राध्यक्षांची पळवाट बुजली. 'वेळेत' म्हणजे नेमके कधी, हे मात्र मोघमच राहिले. १९८०च्या कायद्याने कळवायच्या समित्या आठांवरून दोनांवर आल्या.

इराणला शस्त्रे पाठवण्याच्या प्रकरणात रेगन यांनी डिसेंबर १९८५मध्ये मागाहून सही केलेले फाइंडिंग त्यांचे सल्लागार पॉइंडेक्स्टर यांनी पुढल्या नोव्हेंबरात फाडून टाकले. त्यानंतर १९९१च्या कायद्याने फाइंडिंग लेखीच हवे आणि झाल्या कारवाईला ते मागाहून लावता येणार नाही, असे ठरवले. — संपा.