चित्तेवानांचा व्यवसाय आणि भारतीय चित्त्याचा अंत

चित्ता पाळून त्याच्याकरवी काळवीट धरण्याची प्रथा भारतात किमान बाराव्या शतकाइतकी जुनी असून, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन आढळते. मोगल काळात या प्रथेला मोठा राजाश्रय लाभला आणि अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते असल्याचे सांगितले जाते.

चित्त्यांना पकडून शिकवणाऱ्या व सांभाळणाऱ्या जाणकारांना चित्तेवान म्हणत. चित्ते ज्या झाडांच्या बुंध्यांवर नखे घासायला वारंवार येत, तेथे फास मांडले जात. आईकडून शिकार न शिकलेली पिल्ले निरुपयोगी ठरत असल्यामुळे जाणते जनावरच धरावे लागे. माणसाळलेल्या चित्त्याला डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीतून माळावर नेत, कारण काळवीट बैलगाडीला बुजत नसे. कळप जवळ आला की टोपी काढली जाई, चित्ता झेपावून काळविटाचा गळा धरी आणि चित्तेवान त्याला लाकडी पळीतून रक्त पाजून शिकारीपासून दूर करी.

या कौशल्यातच प्राण्याच्या नाशाचे बीज होते. बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगिराने आपल्या आठवणींत अशा एका जन्माची नोंद नवल म्हणून केली आहे. त्यामुळे दरबारातील प्रत्येक चित्ता रानातून, तोही बहुधा विणीच्या वयाचा, आणला जाई व रानातील संख्या पिढ्यान्‌पिढ्या घटत राहिली. पुढे गवताळ माळ नांगराखाली गेले, काळविटांचे कळप विरळ झाले आणि ब्रिटिश अमलात चित्ता मारणाऱ्याला बक्षीस मिळू लागले.

विसाव्या शतकात कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले, ही गोष्ट देशी चित्ता किती दुर्मीळ झाला होता हेच दाखवते. 1947 मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. हे भारतातील अखेरचे चित्ते मानले जातात. 1952 मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 2022 मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियातून आठ चित्ते आणण्यात आले, परंतु आयात केलेले जनावर टिकायचे तर गवताळ माळ आणि त्यावर चरणारे कळप आधी राखले पाहिजेत, हाच या इतिहासाचा स्पष्ट निष्कर्ष आहे.